तुम्ही दमत होतात, हे शेजारणीनं सांगितलं

अहो, तुम्ही दमत होतात, हे मला कोकिळाबेनकडून कळलं. तेही तुमच्या फोटोला हार घातलेला असताना, दारात चपलांचा ढीग पडलेला असताना. आपल्या सोसायटीत कुणी गेलं की सगळ्या पांढरं नेसून बेसण्याला, म्हणजे दुखवट्याला बसायला येतात, तशा त्याही आल्या होत्या. माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "सर तो रोज सांजे कहेता, थाकी गयो, बेन, बहु थाकी गयो. आता आराम मळ्यो."

मी रडत होते, ती थांबले.

"कोण म्हणायचं?" मी विचारलं.

"सर. बीजुं कोण? हिंचक्यावर बसायचे ने माझ्याकडे, तेव्हा."

"रोज?"

"लगभग रोज."

आपल्या मंजिरीला वाटलं मला चक्कर येतेय. ती पाणी घेऊन धावली. सुभानपुऱ्यात आपण राहायला आलो तेव्हापासून कोकिळाबेन समोर तळमजल्यावर आहेत. त्यांच्या आणि आपल्या दारात पाण्याची टाकी आणि एक आसोपालवाचं झाड, एवढंच अंतर. तेवढं अंतर चालून जाऊन तुम्ही रोज एक गोष्ट तिथं ठेवून येत होतात आणि ती मी जन्मभर तुमच्याकडे मागत होते.

माझे डोळे लाल दिसतात. भेटायला येणाऱ्यांना वाटतं रडून झाले असतील. रडतेही. पण जास्त जळते. खोटं कशाला सांगू, आणि तुमच्याशी तर मुळीच नाही.

मी लग्न होऊन कराडहून बडोद्याला आले तो दिवस तुम्हाला आठवतो का? नंतर विचारलं की तुम्ही नुसते हसायचात. दोन गाड्या बदलून, अंगावर शालू, डोक्यावर पदर, अशी दुपारी दारात उतरले. उंबरठा ओलांडला, पाटावर बसले आणि तोंडातून गेलं, "दमले गं बाई." आमच्याकडे माणूस घरात शिरलं की पहिला शब्द हाच. बाजारातून आलं की दमले, देवळातून आलं की दमले, कुणी पाहुणा आला की त्याला पाण्याच्या आधी "दमलात का हो?" त्यात तक्रार काही नसते. आले, पोचले, आता मला बघा, एवढाच त्याचा अर्थ.

मामंजी समोरच बसले होते. त्यांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते आणि त्या घोडदळातून मामंजी कधी उतरलेच नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "सूनबाई, आपल्यात दमले म्हणत नाहीत. घोडं दमतं. स्वार दमत नाही."

बायका हसल्या. मी पाटाच्या कडेकडे बघत बसले. नंतर स्वयंपाकघराच्या दाराशी तुम्ही आलात, हातात पाण्याचा तांब्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणालात, "माझ्यापुढे म्हणत जा. मी कुणाला सांगणार नाही."

त्या एका वाक्यावर मी हे घर माझं मानलं. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं. कराडला आईला लिहिलं होतं, माणूस चांगला आहे म्हणून. पुढं आयुष्यभर तुमच्यापुढे मी दमले. धुणं धुऊन दमले, मंजिरीच्या अभ्यासापुढे दमले, तुमच्या बहिणीला समजावून सांगून सांगून दमले. तुम्ही दर वेळी हातातलं बाजूला ठेवून "बस" म्हणालात. मला वाटत होतं हा करार दोन्ही बाजूंनी आहे. 'बसा' म्हणायची माझी पाळी कधी येईल, याची मी वाट बघत राहिले.

तुम्ही डभोईच्या शाळेत पी.टी. शिकवायचात. सकाळी बसनं जायचं, संध्याकाळी बसनं यायचं, आणि मधे दिवसभर मैदानावर शिट्टी. शर्टावर मिठाचे पांढरे डाग पडलेले असायचे. मी दारातच विचारायची, "दमलात?"

"छे! दमायला काय झालं?"

मंजिरीला हे इतकं पाठ झालं होतं की ती बाहुल्यांशी खेळताना एका बाहुलीकडून विचारायची, "दमलात?" आणि दुसरीकडून जाड आवाजात उत्तर द्यायची.

एकदा मी हट्टच धरला होता. तुम्ही पायऱ्या चढून आलात, धापा टाकत होतात. मी म्हणाले, "हे काय मग? हे दमणंच आहे."

"हा दम लागला. दम लागणं वेगळं, दमणं वेगळं."

"काय वेगळं?"

"दम लागला म्हणजे श्वास कमी पडला. जरा थांबलं की भरून येतो. दमलो म्हणजे माणसानं कबूल केलं."

"मग करा की कबूल! मी काय मामंजी आहे?"

तुम्ही बूट काढत होतात. नाडी सोडता सोडता म्हणालात, "सवय नाही गं." आणि विषय संपवलात. मी नाही संपवला. वर्षावर्षानं तो पुन्हा काढत राहिले. तुमच्या मैदानावर त्या शब्दावाचून पान हलत नव्हतं. पोरांना दम द्यायचात, दम धरा म्हणायचात, दम खा आणि पुन्हा पळा म्हणायचात, कुणाच्या अंगात किती दम आहे ते छातीकडे बघून सांगायचात. एवढा सगळा दम वाटलात आणि मला त्यातलं एक 'दमलो' दिलं नाहीत, हे माझं म्हणणं होतं. तुम्ही हसून म्हणायचात, "मास्तरीण व्हायला हवी होतीस."

सासूबाईंच्या शेवटच्या वर्षात आपलं खरं भांडण झालं. त्या अंथरुणाला टेकल्या होत्या. समाचाराला आलेल्या कुणाला तरी मी म्हणाले, "सासूबाई आता फार थकल्या हो." तुम्ही बाहेरच्या खोलीतून ताडकन आत आलात. पाहुणे गेल्यावर मला म्हणालात, "थकली म्हणू नकोस."

"अहो, थकल्याच आहेत त्या."

"दमली आहे म्हण. दमलेलं माणूस झोपून उठलं की ताजं होतं. थकली म्हणालीस की परत यायची वाटच बंद."

ज्या घरात दमण्याला बंदी, त्या घरचा मुलगा आईसाठी 'दमली' एवढा शब्द मागत होता. मी दिला. सासूबाई जाईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला मी "दमल्यात जरा" असंच सांगत राहिले. त्या दिवशी तुम्ही मला फार आवडला होतात. आणि वाटलं होतं, आता कधीतरी स्वतःबद्दलही म्हणाल.

मग माझा संधिवात आला. बोटं वाकडी झाली, मनगटं सुजली, आणि तुम्ही नेमके तेव्हाच निवृत्त झालात. कणीक मळणं, केर, भांडी, माझी औषधं, सगळं तुमच्याकडे गेलं. माझी वेणी घालायला लागलात. पहिल्या दिवशी इतकी आवळलीत की माझ्या भुवया वर गेल्या. मी ओरडले, "अहो, दोरीचा मल्लखांब आहे का हा?" तुम्ही म्हणालात, "सुटायला नको ना." नंतर हात इतका बसला की शेजारच्या पोरी बघायला यायच्या. ते दिवस वाईट होते, असं मी कुणालाही म्हणू देणार नाही. माझे केस तुमच्या हातात असायचे आणि मला तुमचा चेहरा दिसत नसायचा. तेव्हा मी मुद्दाम विचारायची. चेहरा दिसत नसताना तरी सांगाल म्हणून.

"दमलात?"

"छे!"

भाजीच्या लारीवर, हातगाडीपाशी, एकदा आपल्या खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "सर थकले हो अलीकडे." मी त्यांना असं काही उत्तर दिलं की त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. तुमचाच नियम मी पाळत होते.

आणि रोज संध्याकाळी तुम्ही पिशवी घेऊन खाली जायचात. येताना कोकिळाबेनच्या ओट्यावर, त्यांच्या हिंचक्यावर, त्या झोपाळ्यावर, जरा टेकायचात. मला गॅलरीतून दिसायचं. त्या बिचाऱ्या एकट्या, मुलगा कॅनडाला. मला वाटायचं टाकीच्या मोटरचं काहीतरी बोलत असाल, नाहीतर त्यांच्या गुडघ्यांचं. मीही कितीदा तिथं बसून चहा प्यायले आहे. माझ्या मनात वेडंवाकडं काही आलं नाही, आणि आजही येत नाही.

मंजिरीला हे समजत नाही. तुम्ही गेल्यावर कोकिळाबेन रोज आपल्याकडे डबा पाठवायच्या. मी खाल्लं नाही. खिचडी-कढी तशीच परत पाठवली, दुसऱ्या दिवशी ढोकळी तशीच परत. तिसऱ्या वेळी मंजिरी चिडली.

"आई, काय चाललंय तुझं? त्या किती प्रेमानं करतात."

"मला भूक नाही."

"मी शिरा केला तो खाल्लास की." मग माझ्याजवळ बसली, आवाज खाली आणला. "तुला बाबांवर संशय आहे?"

"संशय असता तर बरं झालं असतं. चार शिव्या देऊन मोकळी झाले असते."

"मग?"

"त्यांनी माझ्याजवळ कधी म्हटलं नाही, मंजू. एकदा नाही. आणि तिथं रोज."

"अगं, तू आजारी. तुझ्यावर भार नको म्हणून नसतील म्हणाले."

हेच सगळे म्हणतात. मलाही सुचलं होतं, आणि मला ते पटत नाही. भार घेऊ नकोस हे सांगणारे तुम्ही कोण? माझे हात गेले होते. कान नव्हते गेले. कणीक मळता आली नसती, पण 'दमलो' ऐकून "बसा" म्हणायला बोटं लागत नाहीत. तुम्ही माझी वेणी घातलीत, माझ्या पायाला तेल चोळलंत, आणि मला करता येण्यासारखं जे एक काम उरलं होतं, ते दुसरीला दिलंत.

आणि दिलंत तेही गुजरातीत. याचं मला सगळ्यात जास्त लागतं. मला इतकी वर्षं बडोद्यात राहून समजतं सगळं, पण बोलायची वेळ आली की जीभ अडखळते. तुम्ही माझी नक्कल करून दुकानदारांना हसवायचात. घरातली भाषा मात्र माझी होती. तुमची "कंटाळो आव्यो" म्हणायची सवय मी मोडली, मंजिरीला शुद्ध मराठी शिकवली. त्या भाषेत तुम्ही माझ्याशी भांडलात, मला समजावलंत, माझी चेष्टा केलीत. आणि मन सैल करायची वेळ आली तेव्हा ती दारातच ठेवून बाहेर गेलात. मामंजींनी बंदी घातली होती ती मराठीतल्या शब्दाला. गुजरातीत त्यांचा पहारा नव्हता, असं तर नाही ना?

मंजिरी परत बंगळूरला गेली. घर रिकामं झालं, आणि मग एका दुपारी अंथरुणावर पडल्या पडल्या ते लक्षात आलं आणि मी उठून बसले. गुजरातीत थाक एकच. मैदानावरून आलेलं पोरही थाकी जातं आणि मरायला टेकलेला म्हाताराही. तुम्ही "थाकी गयो" म्हणालात तेव्हा तुमच्या मनात काय होतं? दमलो, की थकलो?

कारण दमलो असेल तर मी जळेन आणि निभावेन. पण थकलो असेल, तर तुम्हाला कळलं होतं. तुम्ही रोज संध्याकाळी त्या हिंचक्यावर बसून जायची तयारी करत होतात आणि वर येऊन मला "छे!" म्हणत होतात. त्या सकाळी तुम्ही चहा माझ्यासमोर ठेवलात, "गार करू नकोस" म्हणालात, खुर्चीत बसलात आणि संपलात. मी म्हणत होते, त्यांना काही कळलंच नाही, सुखानं गेले. तेवढ्यावरच मी उभी होते.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर काठी घेऊन खाली गेले. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच एकटी जिना उतरले. कोकिळाबेन ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. मला बघून घाईघाईनं उठल्या. "आवो, आवो! एकट्या आल्यात? मला बोलावायचं ने. बेसो."

हिंचका रिकामा होता. मी बसले नाही.

"एक विचारायचंय," मी म्हणाले.

"पूछो ने."

"हे तुमच्याकडे म्हणायचे, थाकी गयो. ते कसलं? नुसतं दमले म्हणून, की आता काही खरं नाही, तसं?"

त्यांना कळेना. मी मराठीत समजावलं, हिंदीत समजावलं, हातवारे केले. शेवटी त्यांना उमगलं तेव्हा त्यांनी खांद्यावरचा पदर सावरला आणि म्हणाल्या, "बेन, आमच्यात तो एक ज थाक. मने शुं खबर?" मग थोड्या रागानंच म्हणाल्या, "तुम्ही माझा डबा परत पाठवता. मला समजतं. पण मला काय मिळालं? सर हसायचे तुमच्याकडे. तुमचं भांडण सांगायचे, तुमचं मराठी सांगायचे. मला तर खाली थाक मिळाला. बाकी सगळं वर घेऊन जायचे."

मला वाटलं नव्हतं की त्यांनाही काही खुपत असेल. माझ्या गॅलरीतून त्या मला दिसायच्या, तशीच त्यांच्या ओट्यावरून आपली खिडकी दिसत असणार, संध्याकाळी दिवा लागलेली. मला त्यांची दया आली, असं म्हणणार नाही. पण एवढं कळलं की या ओट्यावर एकटी मीच जळत नव्हते.

"करून दाखवा," मी म्हणाले.

"एटले? म्हणजे?"

"ते कसे म्हणायचे, ते. आवाज कसा असायचा. तसंच्या तसं."

"हाय हाय, एवुं ते कंई थाय? असं कुठे करतात?"

"मला ऐकायचंय. माझ्याकडे नाहीये ते."

त्यांनी पदर खोचला. मग मेथीची पिशवी उचलली, पायऱ्या उतरल्या, फाटकापर्यंत गेल्या आणि वळल्या. येताना तुमच्यासारखं डावं पाऊल जरा बाहेर टाकत आल्या. त्यांनी इतकं पाहून ठेवलं होतं. पायऱ्या चढून त्यांनी एक हात खांबाला टेकला, पिशवी तशीच हातात, मान जरा मागे टाकली, आणि सगळा श्वास सोडत म्हणाल्या,

"थाकी गयो, बेन."

तुम्हीच होतात. 'गयो' चांगलं लांबवलेलं, शेवटाला किंचित वर गेलेलं. शाळेतून आलेलं पोर दप्तर टाकून म्हणतं, तसं. त्यात मरण नव्हतं. त्यात उद्याची सकाळ होती. लाड होता. कुणीतरी आपल्याला बस म्हणावं, याची खात्री होती. ते दमलो होतं. शंभर टक्के दमलो. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं आणि त्याच क्षणी मी पुन्हा पेटले, कारण असा लाडाचा आवाज तुमच्याकडे आहे, हे मला माहीतच नव्हतं.

"मग तुम्ही काय म्हणायचात?" मी विचारलं.

"मी शुं कहुं? बेसो. एटलुं ज, एवढंच."

त्या अजून खांबाला हात लावून तशाच उभ्या होत्या. मेथीची पिशवी हातात, मान थोडी कलती, डोळे भरलेले. संध्याकाळ होत होती आणि कुणीतरी मोटर चालू केली होती.

"बेसो," मी म्हणाले. ते माझ्या तोंडात नीट बसलं नाही. कोकिळाबेन हलल्या नाहीत.

"बसा," मी म्हणाले. "बसा हो जरा. किती दमलात."

त्या आल्या आणि हिंचक्यावर बसल्या. मी काठी भिंतीला टेकवली, वाकड्या बोटांनी कशीबशी कडी धरली आणि हळूच झोका दिला.